मीठ

सोलापूर, २० जानेवारी

आज मामाच्या डाईंगवर, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यावर, गेलो होतो. गड्ड्याच्या यात्रेमुळे कामगार कमी, म्हणून मामा स्वतःच टाकीपाशी उभा. निळ्याशार पाण्यात घमेल्याने मीठ ओतत होता. मी विचारलं, "एवढं?"

"गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅमच्याही वर जातं. मीठ नसलं तर रंग पाण्यातच राहतो, मास्तर. सुताला धरत नाही."

इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं. फळ्यावर दरवर्षी कूलॉमचा नियम लिहितो: १७८५, धन-ऋण एकमेकांना ओढतात. इथे तर दोघंही ऋण! सुती धागा पाण्यात भिजला की त्याच्यावर किंचित ऋण प्रभार येतो, आणि रंगाच्या रेणूला सल्फोनेटची ऋण टोकं. मिठातले सोडियमचे धन आयन दोघांमध्ये गर्दी करतात, प्रतिकर्षण झाकलं जातं, मग कुठे रंग सुताजवळ सरकतो. पक्का होतो तो पुढे, सोडा पडल्यावर. रेशमाची गोष्ट उलटी. आम्लात त्याचे अमिनो गट धन होतात, मग ऋण रंग आपणहून धावत येतो.

रात्री मुलीचं बारावीचं जीवशास्त्र घेऊन बसलो. हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं. डीएनए फॉस्फेटमुळे ऋण, हिस्टोन लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांमुळे धन. आठ हिस्टोनच्या गठ्ठ्याभोवती १४७ बेस-जोड्यांचा दोरा, पावणेदोनच्या आसपास वेढे. "कांडीवर सूत भरतात तसं," म्हटलं. तिला पटलं. तिची आजी कांड्या भरायची.

पण प्रयोगशाळेत हाच दोरा सोडवायचा तर काय करतात? मीठ वाढवत नेतात. २ मोलरच्या सुमाराला हिस्टोन डीएनएला सोडून देतात. सकाळी ज्या मिठाने रंग सुताला चिकटला, त्याच मिठाने इथे गुंडाळी सुटते! थोडा वेळ गोंधळलो. मग लक्षात आलं, मीठ फक्त प्रभार झाकतं. मग ती ओढ असो की ढकल.

उद्या वर्गात दोन बीकर ठेवणार, एकात मीठ, एकात नाही. मामाने कागदाच्या पुडीत रंग दिलाय. पुडी वाटेत फुटली. तीनदा साबण लावूनही बोटं निळीच आहेत. कातडी शेवटी प्रथिनांची, तिला मिठाची गरजच पडली नाही.