अल्निटाकचा मोह आणि तीन सेकंद

शनिवारी रात्री वांगणी. लक्ष्य हॉर्सहेड तेजोमेघ, सब (नंतर एकत्र करायचे सुटे फोटो) तीन-तीन मिनिटांचे. सरंजाम नेहमीचाच: एचईक्यू-५ माउंट (दुर्बीण आकाशासोबत फिरवणारी बैठक), ४२० मिमी फोकल लेंग्थचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), डीएसएलआर; गाइडिंगला, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या चुका सतत दुरुस्त करायला, २०० मिमीचा गाइडस्कोप आणि एएसआय १२० मोनो कॅमेरा.

पहिला तास माझ्या आगाऊपणात गेला. पीएचडी२ हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर स्वतः तारा निवडून देतं, ते सोडून मी हाताने निवडला. आणि कोणता, तर मृगाच्या पोटातल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा, अल्निटाक! हॉर्सहेडपासून जेमतेम अर्ध्या अंशावर, चौकटीत ऐसपैस बसलेला. म्हटलं, एवढा ठळक तारा हातचा कशाला सोडा? प्रोफाइल (ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख) उघडलं तर शेंडाच नाही, वरून सपाट, थेट पाचगणीचं टेबललँड. मधले सगळे पिक्सेल कमाल आकड्याला जाऊन टेकलेले, मग केंद्र नेमकं कुठे हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? सबमधले तारे बासमतीच्या दाण्यासारखे लांबट आले.

मुकाट्याने मल्टी-स्टार (एकदम अनेक ताऱ्यांवर गाइडिंग) चालू केलं आणि निवड सॉफ्टवेअरवर सोपवली. मुख्य म्हणून त्याने एक मध्यम तारा उचलला, मी ढुंकूनही पाहिलं नसतं असा. एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत ताऱ्याचा प्रकाश) ३५ च्या आसपास, जोडीला आणखी सात.

आता गाइड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर. १ सेकंदावर ग्राफ करवतीसारखा, आरएमएस (सरासरी चूक) १.७ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक). वारा नव्हता, पोलर अलाइनमेंटही (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) चांगलं होतं. माउंट बिचारं हवेच्या थरथरीमागे धावत होतं. ३ सेकंद केले तर ०.९. तेवढ्या वेळात थरथर सरासरीत विरते. मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १.८ आर्कसेकंदांचा, म्हणजे चूक अर्ध्या पिक्सेलची. इथे गप्प बसायला हवं होतं, पण ६ करून पाहिले. आरए (पूर्व-पश्चिम अक्ष) हळूहळू घसरून मग झटक्यात परत येऊ लागला, आरएमएस १.३. या माउंटच्या वर्मची (माउंट फिरवणाऱ्या आट्यांच्या दांड्याची) फेरी ६३८ सेकंदांची. तिच्यातला चढउतार माझ्याकडे बराच आहे, आणि सहा सेकंद थांबलं की दुरुस्ती उशिरा पोचते. माउंटमध्ये गिअरऐवजी बेल्ट बसवलेल्यांना सहा सेकंद कदाचित चालतीलही.

परत ३ वर. दोन वाजता दवाने लेन्स धुरकटली तोवर २२ सब पदरात. डेकचा (उत्तर-दक्षिण अक्षाचा) बॅकलॅश, म्हणजे गिअरमधली ढिलाई, अजून पाहायचाय, आणि डार्क लायब्ररी (कॅमेऱ्याचे दोष वजा करायला झाकण लावून घेतलेले फोटो) नव्याने करायचीय. एक हॉट पिक्सेल (प्रकाश नसताना चमकणारा सदोष ठिपका) दोनदा तारा म्हणून यादीत घुसला होता.