तुम्ही विचारलंत म्हणून: या पोरांना होडीत कशाला नेता?

"घरात आई-बाप अंथरुणाला खिळलेले आणि तुम्ही त्यांच्या पोरांना होडीत फिरवता? त्या पैशात औषधं आली असती." दर हिवाळ्यात हे कुणीतरी विचारतंच.

मी सातवीत असताना आईला लकवा झाला. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. वडील केळीच्या गाड्या भरायला रात्रीचे जायचे, म्हणजे रात्रीची कूस माझ्याकडे. पाच वर्षं मी सलग झोपले नाही. "पोरगी किती गुणाची," असं सगळे म्हणायचे. एकदा तसं म्हटलं गेलं की 'मी दमले' म्हणायची सोय राहत नाही.

पुढे वाचनात आलं, की ब्रिटनमध्ये अशा मुलांना 'यंग केअरर' असं नाव आहे. त्यांना कसली मदत हवी हे स्थानिक प्रशासनाने तपासावं, असं इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यातच आहे. तिथल्या काही संस्था या मुलांना शिडाच्या बोटीवर नेतात. त्यातल्या एका गोष्टीपाशी मी थांबले: बोटीवर कामाची पाळी असते. बहुधा चार तास. वेळ झाली की दुसरा उठतो, सुकाणू हातात घेतो आणि पहिल्याने जाऊन झोपायचं. माझी पाळी घ्यायला कधी कुणी उठलंच नव्हतं.

खान्देशात समुद्र कुठला? पण चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, हतनूर धरणाचं अडलेलं पाणी आहे, थंडीत तिथे चक्रवाक उतरतात. आम्ही भोईदादांची होडी ठरवतो. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि वल्हं पाळीपाळीने.

मागच्या खेपेला नववीतली एक मुलगी होती. वडिलांचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. होडी सुटली तरी फोन मुठीत. वल्हं हातात आलं तेव्हा कुठे तो पिशवीत गेला. मग मात्र वल्हं सोडेना. तळहात लाल झाले तरी ओढतेच आहे. भोईदादा म्हणाले, "बस माय आता, मी हाये ना." तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग वल्ह्याकडे, आणि हळूच मूठ सैल केली. परतेपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती.

आता पैशांचं. होडीला फार लागत नाहीत. खर्च होतो तो त्या दिवशी घरी बसणाऱ्या बाईवर. पथ्याचं जेवण, गोळ्यांच्या वेळा, कूस बदलणं हे सगळं जाणणारी बाई लागते, आणि आधी दोन दिवस तिला त्या घरी पाठवावं लागतं. तिच्यावर भरवसा बसला नाही तर मूल होडीत बसूनही घरीच असतं. म्हणून औषधाला पैसे देणाऱ्यांना मी सांगते: जरूर द्या, पण महिन्यातला एक रविवारही द्या. शेजारच्या घरी जाऊन बसा.

त्या मुलीच्या घरी आता दुसऱ्या रविवारी तिची मावशी येते. विचारायला मीच गेले होते. मावशी म्हणाली, "मला कुणी म्हटलंच नाही कधी."