नीरोची मान

रोमच्या तेर्मिनी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर पालात्सो मास्सिमो हे संग्रहालय आहे. वर पुतळे, मोझेक, लिव्हियाच्या बंगल्यातून आणलेली बागेची भित्तिचित्रं. ते बघून निघणारच होतो, पण बाहेर जुलैचं ऊन मी म्हणत होतं. तळघरात गारवा असेल म्हणून उतरलो, तर खाली नाणीच नाणी! बटण दाबलं की काचेवरून भिंग सरकतं. लेकीला खेळणंच मिळालं.

मला आधी सगळी नाणी सारखीच दिसली. रोमन सम्राट नीरोपाशी मात्र पाय थबकले. इ.स. 54 मध्ये सोळा वर्षांचं हे पोरगं गादीवर आलं, तेव्हाच्या नाण्यावर तो आणि आई अग्रिपिना समोरासमोर, नाकाला नाक भिडेल असे. भोवतीची अक्षरं मात्र आईच्या नावाची. बादशहाचं नाव मागच्या बाजूला! वर्षभरात चित्र पालटलं. दोघांची तोंडं एकाच दिशेला, नीरो पुढे, आई त्याच्या आड. मग ती नाण्यांवरून गेलीच. 59 मध्ये त्याने तिचा खून करवला. दूर सरहद्दीवरच्या शिपायाला राजवाड्यातली ही भानगड कोण सांगणार? पगारात हाती पडलेला दिनारच काय तो बोलायचा.

पुढच्या नाण्यांवर नीरोची मान जाड होत जाते, हनुवटी दुहेरी होते. 64 च्या सुमारास नाणंच हलकं झालं. आधी एका रोमन पौंड चांदीत 84 दिनार पाडत, आता 96, वर हीणही मिसळलं. त्याच वर्षी रोम जळलं होतं आणि साहेबांना सोन्याचा महाल बांधायचा होता.

मला आमच्या नाशिकजवळची जोगळटेंभी आठवली. 1906 मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेत. नाणी वितळवायच्या भानगडीत न पडता थेट नहपानाच्या तोंडावरच ठोकलेत!

वर येऊन कॉफी घेतली. परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत 5 सेंटचं नाणं आलं. लेकीने उलटून पाहिलं, "बाबा, कोलोसियम!" नीरोच्या महालातलं तळं बुजवून त्या जागी उभारलेलं तेच.

तिने ते खर्चू दिलं नाही.