लॅम्डानं धरून ठेवलेल्या नोंदी

लातूरच्या बाजारात ऑक्टोबरात सोयाबीनची आवक वाढली की आडतीवर मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका दुपारी एका आडत्याच्या मुनीमकाकांचा फोन आला. "साहेब, सकाळी पळतंय अन् दुपारी बैलागत बसतंय बघा. शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेत."

पट्ट्या छापणारा प्रोग्राम रुबी या प्रोग्रामिंग भाषेतला, आधी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला. पट्टीगणिक मेमरी चढायची आणि उतरायचीच नाही. पट्टी पुन्हा छापावी लागली तर हाताशी असावी म्हणून प्रत्येक शेतकऱ्यामागे एक लॅम्डा, म्हणजे नंतर चालवायचा बिननावाचा कोडचा तुकडा, अ‍ॅरेत (यादीत) ठेवलेला होता. त्यात वापर फक्त नाव आणि रकमेचा. एवढ्यानं मशीन दमेल कसं?

रुबीत हे थेट लॅम्डालाच विचारता येतं, आणि मला ही भाषा आवडते ती याचसाठी. एक लॅम्डा उचलला, त्याचं बाइंडिंग, म्हणजे तो जिथं जन्मला तिथला नावांचा परिसर, मागितलं, त्यातल्या लोकल व्हेरिएबलची (तिथल्यापुरत्या नावांची) यादी पाहिली. नाव होतं, रक्कम होती आणि सोबत काट्यावरच्या त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी! दर पट्टीला वजनांची फाइल पहिल्यापासून वाचली जायची आणि ती वाचणाऱ्या मेथडमध्येच (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यातच) लॅम्डा जन्मायचा. म्हणजे जितक्या पट्ट्या तितक्या प्रती, आणि दुपारकडे प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा मोठी.

असा भोवतालची नावं सोबत धरणारा कोड म्हणजे क्लोजर. पायथॉन या दुसऱ्या भाषेतलं क्लोजर आतल्या कोडनं वापरलेलीच नावं धरतं. रुबीतलं क्लोजर त्या जागेचा सगळा परिसर धरतं, सेल्फसकट, म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर कोड चालू होता त्याच्यासकट. बाइंडिंगवर उद्या कुणी इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारी सोय) चालवून कुठलंही नाव मागू शकतं. मग नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरनं टाकायचं तरी काय?

उपाय छोटा होता. नाव आणि रक्कम एवढंच जवळ असलेला पट्टीचा क्लास केला आणि अ‍ॅरेत लॅम्डाऐवजी त्याच्या छापायच्या मेथडचा मेथड ऑब्जेक्ट ठेवला. तो आपला रिसीव्हर, म्हणजे ज्याच्यावर मेथड चालते ते ऑब्जेक्ट, तेवढा सांभाळतो, आणि इथं रिसीव्हर म्हणजे ती हलकी पट्टी.

सोबतच्या मुलीनं विचारलं, "सर, वेगळा क्लास कशाला? फाइल वाचतोय तिथंच डिफाइन_मेथडनं मेथड लिहिते की."

"नको गं. तिथं त्याला ब्लॉक (कोडचा तुकडा) देशील, म्हणजे परत क्लोजर, परत त्याच नोंदी आत. मेथड साध्या डेफनं लिही. डेफच्या आत बाहेरची लोकल व्हेरिएबल दिसतच नाहीत."

तिनं डेफ लिहिलं. मग आम्ही तोलाई-हमालीच्या कोडमधले लॅम्डा उघडून त्यांची बाइंडिंगं बघायला बसलो.