घेणारा आणि विकणारा एकाच बाजूला कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "तुम्ही लायब्ररीवाले गिऱ्हाईक, जर्नल काढणारी संस्था दुकानदार. मग तुम्ही दोघं मिळून ऑनलाइन जर्नलं कशी काय चालवता? भाव कोण ठरवतं?" विचारणारा थोडा हसतो, कारण आत कुठेतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटत असतं.

मुरतंय तसं काही नाही, पण उत्तर द्यायचं तर आधी माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगायला हवी.

मी नियतकालिक विभागात रुजू झाले तेव्हा कार्डेक्स होतं. लोखंडी ट्रे, प्रत्येक जर्नलचं एक कार्ड. अंक आला की तारीख टाकायची, नाही आला की स्मरणपत्र धाडायचं. मोठ्या प्रकाशन कंपन्यांची कार्डं कशी ओळीत भरलेली असायची. शास्त्रज्ञांच्या छोट्या संस्थांची कार्डं मात्र पाहण्यासारखी: कधी सहा महिने रिकामी, मग एका दिवसात दोन अंक, आणि पाकिटावर कुणीतरी हाताने घातलेला पत्ता. संपादक दिवसा शिकवणार आणि रात्री अंक काढणार, तर असं व्हायचंच.

मग एकगठ्ठा करार आले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या कंपन्या आपली सगळी जर्नलं एकत्र बांधून ऑनलाइन विकू लागल्या. करार काही वर्षांचा, वाढ दरवर्षीची ठरलेली. गठ्ठ्यातलं एखादं जर्नल कुणी उघडतही नसलं तरी ते काढून पैसे कमी होत नाहीत. त्याच सुमारास किमतीही भडकल्या होत्या. १९८६ ते २००० या काळात उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन ग्रंथालयांना एका जर्नलमागे मोजावी लागणारी रक्कम तिपटीच्या वर गेली. बजेट काही त्या वेगाने वाढत नाही. मग कात्री लावायची कुठे? गठ्ठ्याला लावता येत नाही, म्हणून गठ्ठ्याबाहेर.

अशी एक यादी मी केली होती. तिच्यात शंखशिंपल्यांवरचं एक जर्नल होतं. त्याची वर्षाची वर्गणी आमच्याकडच्या काही जर्नलांच्या एका अंकाएवढीही नव्हती. तरी कापलं, कारण ते कापता येत होतं. दोन महिन्यांनी त्या संस्थेच्या खजिनदारांचं पत्र आलं. तक्रार नव्हती. ग्रंथालयांच्या वर्गण्या गेल्या की विद्यार्थ्यांना अधिवेशनाला यायला दिली जाणारी मदत थांबते, एवढं त्यांनी सांगितलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की आमच्या अंकात काय कमी पडलं ते कळवाल का. काहीच कमी पडलं नव्हतं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

तर हे दुकान आणि गिऱ्हाईक प्रकरण असं होतं. वर्गणी बंद करून आम्ही ज्यांना मोडत होतो ते आमचे सगळ्यात स्वस्त विक्रेते होते. ते मोडले की त्यांचं जर्नल एखादी मोठी कंपनी घेणार, गठ्ठ्यात घालणार आणि आम्हालाच महाग विकणार. इतकं साधं गणित कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

ज्यांना लवकर कळलं त्यांनी हालचाल केली. अमेरिकेत संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने १९९८ मध्ये 'स्पार्क' नावाची आघाडी उभी केली. तिचा डाव सरळ होता: महागड्या जर्नलाला टक्कर देईल असं स्वस्त जर्नल एखाद्या संस्थेने काढावं आणि ग्रंथालयांनी ते घेण्याची हमी द्यावी. अमेरिकन केमिकल सोसायटीचं 'ऑरगॅनिक लेटर्स' १९९९ मध्ये अशाच पाठबळावर निघालं. पण केमिकल सोसायटी म्हणजे हत्ती. शंखशिंपल्यांचं काय?

त्यांच्यासाठी 'बायोवन' हा जर्नलांचा सामाईक ऑनलाइन संच आला. त्यात कोण कोण होतं ते बघा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल: जीवशास्त्राच्या संस्थांची छत्रसंस्था अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजिकल सायन्सेस, कॅन्सस विद्यापीठ, ग्रंथालयांचा एक प्रादेशिक संघ, स्पार्क, आणि कॅन्ससमधल्याच लॉरेन्स गावचा ॲलन प्रेस हा छापखाना. छापखाना कशाला? कारण या छोट्या संस्थांपैकी कितीतरींचे अंक तिथेच छापले जायचे. मजकुराच्या फायली त्याच्याकडे, हस्तलिखितं कुठे अडतात ते त्याला ठाऊक. मला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. २००१ मध्ये सुमारे ४० जर्नलं घेऊन बायोवन सुरू झालं. जर्नल संस्थेच्याच मालकीचं, विक्री एकत्र, आणि आलेल्या पैशातला मोठा वाटा संस्थांना परत. खजिनदारांना शेकडो ग्रंथालयांशी पत्रव्यवहार नको, आम्हालाही ४० बिलं नकोत.

इथे पुढचा प्रश्न हमखास येतो: ऑनलाइन म्हटल्यावर कागद नाही, टपाल नाही, लेखक आणि परीक्षक फुकट, मग पैसे लागतात कशाला?

एक उदाहरण देते. अशाच एका सामाईक प्रकल्पात छापील अंक आणि पडद्यावरचा मजकूर ताडून पाहायचं काम काही दिवस माझ्याकडे होतं. एका निबंधात औषधाची मात्रा छापील पानावर ५० मायक्रोग्रॅम होती आणि पडद्यावर ५० मिलिग्रॅम. एकदम हजारपट! टंकणाऱ्याची चूक नव्हती. मायक्रोचं चिन्ह म्हणजे ग्रीक म्यू, आणि 'सिंबॉल' नावाच्या फाँटमध्ये इंग्रजी एम दाबला की तो म्यू उमटतो. फाइल रूपांतरित करताना फाँट गळला की त्या जागी निमूटपणे एम येतो. वाक्य बरोबर, शुद्धलेखन बरोबर, कुठलाही तपासनीस प्रोग्रॅम अडवत नाही. ते पकडायला माणूस बसवावा लागतो, आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो. त्यात प्राणी-वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचं तिरपं वळण, उलटे पडलेले तक्ते, संदर्भांचे दुवे. एका संस्थेला हे झेपत नाही. ४० जणांनी एकच यंत्रणा वापरली तर झेपतं.

जतनाचा खर्च तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त ऑनलाइन प्रसिद्ध झालेलं प्राण्याचं नवं नाव २०१२ पर्यंत नामकरणाच्या नियमांत बसतच नसे, कागद लागायचा. नियम बदलला तेव्हा अट घातली गेली: झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद हवी आणि ही प्रत कायमची कुठे जपली जाणार तेही त्या नोंदीत सांगायला हवं. जपायचं काम कोण करणार? ते तर ग्रंथालयांचंच पिढीजात काम.

अशा प्रकल्पांना लावल्या जाणाऱ्या 'ना-नफा' या शब्दाला मात्र फार भुलू नका. ना-नफा म्हणजे फुकट नव्हे आणि कायमचं तर नव्हेच. हायवायर प्रेस १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात जन्मलं, कितीतरी संस्थांची जर्नलं त्याने ऑनलाइन आणली. २०१४ मध्ये त्याचा मोठा हिस्सा खाजगी गुंतवणूकदारांकडे गेला, २०२० मध्ये ते एमपीएस लिमिटेड या कंपनीने घेतलं. बेकायदा काही नाही, काम चालूच आहे. पण कराराच्या मसुद्यात "उद्या हे विकलं गेलं तर?" हे कलम मी हल्ली सगळ्यात आधी शोधते. उलट उदाहरणही आहे. बायोवनने २०१९ मध्ये आपला मजकूर एसपीआयई या संस्थेच्या मंचावर हलवला. ती प्रकाशशास्त्राची संस्था, तीही ना-नफा. भुंगे, पक्षी आणि शेवाळी आता लेन्सवाल्यांच्या घरी भाड्याने राहतात!

आणि भांडणं होतात का? होतात की. सगळ्यात जुनं भांडण वाटणीचं. पैसे पानांच्या हिशेबाने वाटायचे की वाचकांच्या? वाचनावर वाटले तर पक्षी जिंकतात, शेवाळी उपाशी. पण सजीवांच्या वर्गीकरणाचा निबंध पन्नास वर्षांनीही उघडावा लागतो आणि यंदाच्या आकड्यात ते दिसत नाही. पानांवर वाटले तर कुणी अंक फुगवेल. दोन्हींचं मिश्रण करतात आणि मग दोघेही थोडे नाराज असतात.

नवं भांडण खुल्या प्रवेशाचं, म्हणजे वाचकाला पैसे न मोजता वाचता येण्याचं. कणभौतिकीत सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१४ पासून स्कोॲप-थ्री चालू आहे: तीन हजारांवर ग्रंथालयांनी वर्गणीचे पैसे एका ठिकाणी वळवले आणि त्या क्षेत्रातली प्रमुख जर्नलं सगळ्यांना खुली झाली. ॲन्युअल रिव्ह्यूज या संस्थेने निराळी युक्ती काढली. वर्गणीदारांनी नेहमीसारखी वर्गणी भरायची, पुरेसे भरले तर त्या वर्षीचा खंड सर्वांना खुला, नाही भरले तर कुलूप. मला ही युक्ती आवडते, पण हिशेब खात्याला ती समजावताना घाम फुटतो. "आपण नाही भरले तरी उघडणारच असेल तर आपण का भरायचे?" या प्रश्नावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, की सगळ्यांच्या हिशेब खात्यांत हाच प्रश्न चालू आहे.

ते शंखशिंपल्यांचं जर्नल पुढे अशाच एका सामाईक संचात आलं आणि आमच्याकडे परत सुरू झालं, मागच्या सगळ्या खंडांसकट. पडद्यावर आता एकही अंक कमी नाही. रॅकवर मात्र बांधलेले खंड एका वर्षाशी थांबतात. एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, पुढचे बांधायला गेलेत का म्हणून.