तांब्याचा थर आणि अडीच महिने न सापडलेला जीएमआर

कोबाल्ट आणि तांबे यांचे एकाआड एक असे वीस जोडथर सिलिकॉनवर चढवायचे आणि त्यांचा जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स (जीएमआर), म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतरोधात होणारा मोठा बदल, मोजायचा, एवढेच माझ्या प्रकल्पाचे पहिले काम होते. 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर्त आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी लोह-क्रोमियमच्या थरांत हा परिणाम स्वतंत्रपणे शोधला आणि 2007 मध्ये दोघांना त्यासाठी नोबेल मिळाले. इतक्या मळलेल्या वाटेवर महिन्याभरात आकडा हाती येईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अडीच महिने लागले.

शेजारच्या कोबाल्ट थरांचे चुंबकन परस्परविरुद्ध असते, तेव्हा दोन्ही स्पिनच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्वतःचा चुंबकीय गुण, त्याच्या दोन दिशा असतात) इलेक्ट्रॉनांना कोणत्या ना कोणत्या थरात अडथळा होतोच. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून सगळे थर एका दिशेला वळवले की एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना सर्वत्र मोकळी वाट मिळते आणि रोध उतरतो. पण क्षेत्र नसताना थर मुळात विरुद्ध दिशांना असले पाहिजेत, आणि ते मधल्या तांब्याच्या जाडीवर ठरते. जाडी वाढत जाते तशी ही जोडणी विरुद्ध, समांतर, पुन्हा विरुद्ध अशी आलटूनपालटून बदलते. कोबाल्ट-तांब्यात विरुद्ध जोडणीचे, म्हणून जीएमआरचेही, पहिले शिखर सुमारे 0.9 नॅनोमीटरवर आणि दुसरे सुमारे 2 नॅनोमीटरवर येते. मी पहिले निवडले, कारण तिथे जीएमआर सर्वांत मोठा मिळतो.

स्पटरिंगने (धातूच्या तबकडीवर, म्हणजे टार्गेटवर, आयन आदळून त्यातून उडालेले अणू नमुन्यावर बसवण्याच्या पद्धतीने) तयार केलेला पहिला नमुना मी चार टोकांच्या पद्धतीने मोजला, तर रोधातला बदल अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. हा जीएमआरच आहे, फक्त लहान आहे, अशी मी दोन आठवडे स्वतःची समजूत घातली. मग मार्गदर्शकांनी नमुना 90 अंशांत फिरवून पुन्हा मोजायला सांगितले. क्षेत्र विद्युतप्रवाहाच्या दिशेने असताना रोध वाढत होता आणि आडवे असताना कमी होत होता. जीएमआरमध्ये क्षेत्र कोणत्याही दिशेने लावले तरी रोध उतरतोच. दिशेनुसार चिन्ह बदलणारा हा परिणाम एकट्या कोबाल्टच्या थरातही दिसतो. म्हणजे मी जे मोजत होतो ते जीएमआर नव्हतेच.

संशय आधी निर्वातावर गेला, मग टार्गेटच्या शुद्धतेवर, मग चांदीच्या पेस्टने जोडलेल्या तारांवर. यात गेलेल्या महिन्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. शेवटी, बहुधा वैतागूनच, मी तांब्याचा एकच जाड थर चढवला आणि क्ष-किरण परावर्तनाने तपासला. थर चढताना जाडी मोजणाऱ्या मॉनिटरच्या हिशेबाने ती 40 नॅनोमीटर होती, आणि थर जितका जाड तितक्या आलेखातल्या लहरी जवळ येतात, त्यामुळे 0.154 नॅनोमीटर तरंगलांबीला त्या साधारण 0.22 अंशांच्या अंतराने यायला हव्या होत्या. त्या 0.15 अंशांवर येत होत्या. थर जवळपास 58 नॅनोमीटरचा होता.

जाडी मोजणारा क्वार्ट्झ स्फटिक चेंबरमध्ये नमुन्याच्या जागी नसून थोडा बाजूला असतो, आणि दोन जागांवर बसणाऱ्या धातूतील फरक एका गुणांकाने दुरुस्त करावा लागतो. मी येण्याआधी नमुन्याचा धारक टार्गेटच्या जवळ आणला गेला होता. गुणांक मात्र जुनाच राहिला होता. कोबाल्टचा थरही त्यामुळे जाड होत होता, पण कोबाल्टला तेवढे चालते. तांब्याचा 0.9 नॅनोमीटर प्रत्यक्षात 1.3 होत होता.

गुणांक सुधारून 0.7 पासून 2.4 नॅनोमीटरपर्यंत तांब्याची जाडी बदलत नेणारी मालिका केली. 0.9 नॅनोमीटरच्या नमुन्यात सामान्य तापमानाला 31 टक्के बदल मिळाला, तोही नमुना फिरवला तरी तेवढाच. (हे टक्के संपृक्त रोधाच्या, म्हणजे सगळे थर एका दिशेला वळल्यावरच्या रोधाच्या, तुलनेत आहेत, शोधनिबंध वाचताना भाजक कोणता घेतला आहे ते आधी पाहावे, कारण रोध निम्म्यावर आला तर एका हिशेबाने 50 टक्के होतात आणि दुसऱ्याने 100.) मात्र त्यासाठी जवळजवळ 1 टेसला क्षेत्र लागले. 2 नॅनोमीटरच्या शिखरावर बदल कमी, पण फार लहान क्षेत्रात मिळतो, आणि संवेदक करायचा असेल तर मी तेच शिखर निवडेन.

पहिल्या नमुन्याच्या डबीवरचा 0.9 खोडून मी 1.3 लिहिले आणि त्याचा बिंदू आलेखात भरला. तो दोन शिखरांमधल्या दरीच्या अगदी तळाशी बसला.