वोगमधला चौथा ठोका

पॉप गाण्याच्या व्हिडिओत कुणी चेहऱ्याभोवती हातांच्या चौकटी काढल्या की खाली लगेच 'वोगिंग!' अशा कॉमेंट पडतात. हात सगळ्यांना ओळखता येतात, कारण पॉपने सगळ्यात आधी हातच उचलले. वोग हा 'बॉलरूम'चा, म्हणजे 'बॉल' नावाच्या स्पर्धांच्या दुनियेचा नाच. तिथला ठेका आणि आवाज उचलायला मात्र फार उशीर झाला, आणि वोगचा जीव त्या ठेक्यातच आहे.

ही परंपरा न्यूयॉर्कच्या हार्लेमची, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) मंडळींची. ड्रॅग (बाईच्या वेशात नटून उतरायच्या) स्पर्धांत गोऱ्यांना झुकतं माप मिळतं म्हणून चिडलेल्या क्रिस्टल लाबेजाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हाउस ऑफ लाबेजा उभं केलं. मग एकामागून एक हाउसेस, म्हणजे मानलेली कुटुंबं, आली. घरच्यांनी बाहेर काढलेल्या पोरांना तिथे मदर मिळाली, फादर मिळाले. बॉलमध्ये हाउसचे लोक ठरावीक कॅटेगरीत उतरतात. पंचांकडून सगळे १० आले तर पुढे जायचं, 'चॉप' मिळाला की तिथेच संपलं. उरलेल्यांची मग समोरासमोर लढत होते.

१९९० मध्ये मॅडोनाचं 'व्होग' आलं. त्यात नाचलेले होजे गुतिएरेझ आणि लुइस कामाचो हे एक्स्ट्राव्हागांझा हाउसचे, म्हणजे नाच अस्सल. पण गाण्यात घेतलेली १६ नावं सगळी गोऱ्या जुन्या सिताऱ्यांची, एकाही हाउसचं नाही. शिवाय ठेका मिनिटाला साधारण ११६ ठोक्यांचा, सलग चालणारा. नाचणाऱ्याने कुठे जमिनीवर कोसळायचं (याला डिप म्हणतात) हे तो सांगतच नाही.

ते सांगणारा ठेका १९९१ला आला, मास्टर्स ॲट वर्क या निर्मात्यांच्या जोडीच्या 'द हा डान्स'मधून. 'ट्रेडिंग प्लेसेस' या सिनेमातली एक 'हा!' अशी आरोळी कापून त्यांनी ट्रॅकमध्ये घातली. गाणं क्लबसाठी होतं, बॉलरूमने ते आपलंसं केलं. दर चौथ्या ठोक्यावर तो 'हा' झांजेसारखा फुटतो, त्याला क्रॅश म्हणतात. पुढे व्हजुआन अल्यूर आणि माइकक्यू या डीजेंनी याच क्रॅशवर बॉलसाठी नवे ट्रॅक रचले. आज वोग फेम या वोगच्या बायकी ढबीच्या शैलीचे पाचही भाग, म्हणजे हात, कॅटवॉक, डकवॉक (उकिडवं चालणं), स्पिन-डिप आणि फ्लोअर (जमिनीवरचा नाच), या क्रॅशच्या हिशोबाने बसवतात. कथकमध्ये तिहाई समेवर यावी तसा डिप क्रॅशवर यावा लागतो.

डिप जवळून बघा. वजन एका पायावर घ्यायचं, तोच गुडघा दुमडत खाली बसायचं, टाच नितंबाजवळ येते. दुसरा पाय पुढे किंवा वर सुटतो. जमिनीला आधी हात लागतो, मग पाठ. डोकं शेवटपर्यंत उचललेलं. उतरायला तिसऱ्या ठोक्यावर सुरुवात केली तर पाठ चौथ्यावर टेकते; चौथ्यावर सुरुवात केली की उशीर झालाच. नवखे उभ्याउभ्या मागे झोकून देतात आणि माकडहाडावर किंवा डोक्यावर आपटतात. पाय दुमडायला उशीर झाला तर गुडघा पिळवटतो. म्हणून आधी मॅटवर, उकिडवं बसून, ठेका न लावता सावकाश उतरायला शिकायचं. टीव्हीमुळे याला 'डेथ ड्रॉप' म्हणायची सवय लागली आहे, बॉलरूममध्ये तो डिपच.

पॉप व्हिडिओत डिप बहुतेकदा स्लो मोशनमध्ये दिसतो किंवा मध्येच कट येतो. क्रॅशशी त्याचं नातं तिथेच तुटतं आणि उरते नुसती कसरत.

हातच आधी का उचलले गेले, याला कायद्याचंही कारण आहे. अमेरिकेत बसवलेल्या संपूर्ण नृत्यरचनेला कॉपीराइट मिळतो, सुट्या स्टेपला मिळत नाही. हाताची एक लकब कुणीही घ्यावी, कुणाला काही देणं लागत नाही. ध्वनिमुद्रित आवाज घ्यायचा तर परवानगी लागते, श्रेय लागतं, पैसे लागतात. म्हणूनच २०२२च्या 'रेनेसाँ' अल्बममधलं बियॉन्सेचं 'प्युअर/हनी' मला इतकं मोलाचं वाटतं. त्यात माइकक्यूचा ट्रॅक आणि त्यावरचा केविन जेझी प्रॉडिजी या बॉलमध्ये माइकवर बोलणाऱ्या कमेंटेटरचा आवाज आहे, क्लब गायक केविन अव्हियान्स आहे, मोई रेनेचं १९९२चं 'मिस हनी' आहे. तिच्याच त्या वर्षीच्या 'ब्रेक माय सोल'च्या क्वीन्स रिमिक्समध्ये मॅडोनाच्या यादीच्या जागी नीना सिमोन, आलिया अशा कृष्णवर्णीय गायिका आल्या आणि हाउसेसची नावंही. हे व्हायला ३२ वर्षं लागली.

तरी एक गोष्ट रेकॉर्डवर येऊच शकत नाही. बॉलमध्ये कमेंटेटर नाचणाऱ्याकडे बघून बोलतो. फ्लोअरवर कुणी रंगात आलं की तो तेच शब्द लांबवतो, बोलांचा मारा वाढवतो, आणि डिप पडताना आवाज बरोबर क्रॅशवर आणतो. गाण्यात तो आवाज एकदा गोठला की नाचणाऱ्यालाच त्याच्या मागे धावावं लागतं. एखाद्या पॉपस्टारने टूरवर जिवंत कमेंटेटर उभा केला आणि त्याला ट्रॅक लांबवायची मुभा दिली, तर हे चित्र बदलेल.